डुगडुगती खुर्ची

स्वयंपाकघरात फक्त दोन फळ्या बसवायच्या होत्या, पण काकूंना एकही सुतार पसंत पडेना. येईल त्याला त्या मुद्दाम डुगडुगत्या खुर्चीवर बसवायच्या. पहिला डुलत डुलत अख्खं स्वयंपाकघर नवं करायच्या गप्पा हाणून गेला. दुसऱ्याने खुर्चीच्या पायाखाली कागदाची घडी सारून वेळ मारून नेली. तिसरा मात्र टेकल्या टेकल्या उठला, खुर्ची उलटी करून म्हणाला, “आधी हिचं दुखणं बघतो, मग फळ्यांचं बोलू.” चहा येईपर्यंत सगळे स्क्रू घट्ट!

“हाच आपला माणूस,” काकूंनी निकाल दिला.

“सुटलो एकदाचा!” म्हणत काका खुर्चीत ऐसपैस रेलले. तोच काकू स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर.

“अहो, उठा जरा, स्क्रू ढिले करू द्या. उद्या नळवाला यायचाय.”