शंभरपैकी एकशे चौदा

एमेट ब्रँडवोल्डचा कॉलेज प्रवेश रद्द झाल्यात जमा होता तेव्हा तो गॅरेजमध्ये उभा राहून बनांना लोणी लावत होता.

खरं तर अजून काही झालेलं नव्हतं. छताखाली जांभळ्या अक्षरांत ‘वॉरन लेक कॉलेज’ असा फलक लटकत होता, अंगणात त्याच्या फोटोची पाटी रोवलेली होती, आणि जोवर हे दोन्ही शाबूत आहेत तोवर काहीही झालेलं नाही, असं त्याचं मत होतं. त्याने लोण्यावर हॅमचा तुकडा ठेवला. त्यावर दुसरा ठेवला. मग तिसरा. बन मिटेना.

“सँडविच करतोयस की डुक्कर पुन्हा जोडतोयस?” रॉजरकाका म्हणाला.

काकाने अंगातलं हिवाळी जाकीट काढलं नव्हतं. कुणीच काढलं नव्हतं. रस्त्याकडेच्या चरात अजून बर्फ होता, आणि पाहुणे प्लेटा छातीशी धरून उभ्या-उभ्या बटाट्याचं सॅलड खात होते.

“आणि जॅनेल,” काकाने एमेटच्या आईला हाक मारली, “मे उजाडत नाही तोच शाळा संपल्याची पार्टी, ओपन हाउस? बाकीचे शाळा संपल्यावर बोलावतात. पोराला आधी पास तर होऊ दे!”

सगळे हसले. एमेटही हसला. बाकीचे थांबल्यावरही तो थोडा वेळ हसत राहिला, तेव्हा शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं.

“घाबरू नकोस रे,” काकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. “कॉलेज नाही जमलं तर आपल्या फार्मवरच्या टर्की कोंबड्या आहेतच. त्या कुणाचे मार्क विचारत नाहीत.”

गेल्या उन्हाळ्यात एमेटने काकाच्या टर्क्या सांभाळल्या होत्या. त्या मार्क विचारत नव्हत्या हे खरं, पण बघत मात्र तशाच होत्या.

डिसेंबरात प्रवेशाचं पत्र आलं, आणि त्या दिवसापासून शाळा त्याला संपलेल्या सामन्यासारखी वाटू लागली. प्रेक्षक निघून गेलेत, मग आपण एकट्यानेच कशाला धावायचं? पत्रात खाली लिहिलं होतं की शेवटच्या वर्षात ‘सी’च्या खालची एकही श्रेणी चालणार नाही, अन्यथा कॉलेज प्रवेशाचा फेरविचार करील. ते त्याने वाचलं होतं. पण नियम दुसऱ्यांसाठी लिहितात तसं ते लिहिलेलं वाटलं. आता कॅल्क्युलसमध्ये ‘एफ’ होता, म्हणजे नापास. आईच्या गाडीच्या काचेवरचा कॉलेजचा स्टिकर कसा निघतो, हे त्याने शोधून ठेवलं होतं. हेअर ड्रायर आणि ब्लेड लागतं. वर्षभरात त्याने इतकं मन लावून केलेला हा एकच अभ्यास.

तेवढ्यात गॅरेजच्या दारात टोपी काढत मिस्टर टॉलेफसन उभे राहिले. कॅल्क्युलस तेच शिकवत.

एमेट बनांचा ट्रे घेऊन त्यांच्या मागे लागला. सर लोणच्यापाशी गेले, तोही गेला. सर एमेटच्या लहानपणीच्या फोटोंपाशी थांबले, तोही थांबला. एका फोटोत तो पाच वर्षांचा होता आणि बोटांवर काहीतरी मोजत होता.

“हॅम छान आहे,” सर म्हणाले.

“थँक यू, सर.”

“गारठा आहे.”

“हो, सर.”

“वारा नाही, हे बरंय.”

“सर, मी पास होईन का?”

सरांनी घास पूर्ण चावून खाल्ला. या गावात कुणालाही वाईट बातमी हवामानाच्या आधी मिळत नसे.

“मी काल हिशोब करून पाहिला,” ते हळूच म्हणाले. “दोनदा. एकदा पेन्सिलने, एकदा पेनाने. शेवटच्या पेपरात एकशे चौदा मिळाले तर ‘सी’ होतो.”

“पेपर शंभराचाच आहे ना?”

“शंभराचाच.” सरांनी ट्रेमधला आणखी एक बन उचलला, त्याची जाडी पाहून परत ठेवला. “जूनमध्ये मला आहेत तेच मार्क पाठवावे लागतील, एमेट. मी ते बदलू शकत नाही. तू प्रयत्न कर. पण कॉलेजला काय ते तूच आधी सांगितलंस तर बरं.”

जाताना त्यांनी एमेटचा हात हातात घेऊन जोरात दाबला. हाताला लोणी होतं. सरांनी ते पुसलं नाही.

संध्याकाळी पाहुणे पांगले. आई घडीच्या टेबलांचे पाय मुडपत होती. एमेटने दुसरं टोक धरलं आणि टेबलाकडे बघतच म्हणाला,

“आई, कॅल्क्युलसमध्ये ना—”

“एफ,” आई म्हणाली. “तुझ्या बाजूची खिट्टी दाब.”

त्याने खिट्टी दाबली. बोट चिमटलं.

“शाळेचं ॲप माझ्याही फोनवर आहे, बाळा. दर परीक्षेला टिंग करतं. फेब्रुवारीत मी ऑफिसात त्याचा आवाज बंद केला. गाडीचं लायसन्स काढायला काउंटरवर आलेली माणसं दचकत होती.”

“मग तू हे सगळं… आज…”

“ओपन हाउस जूनमध्ये ठेवलं असतं, तर कशाचं ठेवलं असतं?”

तिने टेबल भिंतीला टेकवलं. ते नीट उभं होतं, तरी तिने ते आणखी दोनदा टेकवलं, आणि आपल्या आईलाही तेवढीच भीती वाटत असेल हे एमेटच्या आजवर डोक्यातच आलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी उलट्या बादलीवर बसली.

“काढ फोन. कॉलेजला लिही. आत्ता.”

“काय लिहू?”

“खरं ते. आणि शेवटी विनंती घाल. आमच्या ऑफिसात विनंतीशिवाय अर्ज घेत नाहीत.”

त्याने खरं ते लिहिलं. दोन ओळींतच संपलं. मग त्याने विनंती लिहायला घेतली. आई त्याच्या खांद्यावरून वाचत होती. तिने फक्त ‘विनंती’च्या आधी ‘नम्र’ घालायला लावलं.

“तरी प्रवेश विभागाने यंदाचा जून महिना रद्द करून मे महिन्यानंतर थेट सप्टेंबर सुरू करण्याचे आदेश संबंधितांना द्यावेत, ही नम्र विनंती.”