गोळ्याला लावलेला पट्टा

दुकानात चिखलात फसलेल्या गाड्या बाहेर काढायचं सामान होतं: जाड पट्टे, पोलादी कड्या, चाकाखाली सरकवायच्या फळ्या, फावडी. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर एका डोळ्याचा थोरला भाऊ. तो विकाऊ नव्हता, एवढाच काय तो फरक.

गिऱ्हाईक आलं की धाकटा भाऊ आधी पट्टा दाखवायचा, मग दादाला. "हा रबरासारखा ताणतो. लावायचा तो चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या हुकालाच. मागं ट्रेलर जोडायचा गोळा असतो ना, त्याला चुकूनही नाही. आमच्या दादानं तेवढी एक चूक केली. गोळा तुटून ट्रकची काच फोडून आत आला. बघा." गिऱ्हाईक बघायचं आणि मुकाट्यानं सगळ्यात जाड कडी मागायचं.

खोटं बोलायलाही काही सुमार असतो. त्या दिवशी एक जीप पोटापर्यंत रुतली होती. ओढणाऱ्या ट्रकवर थोरला, पट्टा बांधायला धाकटा. दोघांची रीतच होती: बांधणाऱ्यानं आवाज द्यायचा, ओढणाऱ्यानं उतरून बघायचं नाही. बघणं म्हणजे भावावर अविश्वास. हूक चिखलात गाडलेला. कोपरापर्यंत हात घालावे लागले असते आणि धाकट्याच्या अंगात नवा शर्ट. त्यानं वरच्या वर पट्टा गोळ्याला अडकवला नि ओरडला, "हुकाला लावलाय, ओढ!" थोरल्यानं मागं बघत ट्रक हाणला. काचेनं डोळा नेला.

डोळ्यामागून परवाना गेला, परवान्यामागून घरातली किंमत. दुकान धाकट्याचं, थोरला नि त्याची बायको राहायची ती वरची खोलीही त्याचीच. "गप्प राहा हो," बायको हात जोडायची, "पाण्यात राहून माशाशी वैर नको." थोरला गप्प राहायचा आणि आतल्या आत जळायचा.

आज आलेली बाई मात्र नुसती बघून थांबली नाही. ती गुरांची डॉक्टर होती, आडरानात फिरणारी. सरळ स्टुलापाशी आली.

"काका, एक विचारू? आमची गाडी नेहमी फसते. माझा भाऊ पट्टा बांधतो, मी दुसरी गाडी घेऊन ओढते. उतरून बघायला गेलं की तो फुगून बसतो. बघायला हवं का? तुमची चूक झाली तरी कशी?"

धाकट्याच्या हातातली कडी काउंटरवर आपटली. वर बायकोची पावलं वाजत होती. खरं काय ते थोरल्याच्या अगदी जिभेवर आलं होतं, दोन शब्दांचं तर काम होतं.

"मीच बांधलं, मीच ओढलं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा हात नव्हता."

"म्हणजे भावावर सोपवलं असतंत तर डोळा वाचला असता!" बाईचा जीव भांड्यात पडला. "उगाच संशय घेते मी त्याचा."

"लाख बोललात ताई," धाकटा म्हणाला. "दादा, ताईंनी घेतलेला पट्टा जरा ठेवून ये गाडीत."

थोरल्याला स्वतःची किळस आली. तरी उठला. गाडीत तिचा भाऊ पाय वर घेऊन मोबाईल बघत होता.

"पट्टा कुठं लावायचा, माहीत आहे ना?" थोरल्यानं विचारलं.

"त्यात काय माहीत असायचंय?" मान वर न करता तो म्हणाला. "जिथं हात पोचेल तिथं."

थोरल्यानं मागं वळून पाहिलं. धाकटा दारातच उभा होता. थोरल्यानं पट्टा गाडीत ठेवला आणि दार लावून घेतलं.