गाडीची उचकी

या, असे पुढे सरकून बसा. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे. आज एका संशयाची गोष्ट सांगतो. संशय म्हणजे इंजिनचं काळं तेल. एकदा बोटांना लागलं की साबणालाही दाद देत नाही.

एक होती दातांची डॉक्टर. वडील गेले आणि त्यांची चाळीस वर्षांची काळी मोटरसायकल तिच्या वाट्याला आली. त्या गाडीची एक खोड होती. जागेवर उभी असली की चार ठोके सरळ आणि मग एक उचकी. बाबा हसून म्हणायचे, "कुणीतरी आठवण काढतंय तिची." गल्लीच्या तोंडाशी ती उचकी ऐकू आली की ही लेक दार उघडायला धावायची.

वर्षभर बंद पडलेली ती गाडी तिने बाबांच्याच जुन्या मिस्त्रीकडे दिली. पण लोकांनी कान भरले होते. "अहो ताई, या गाड्यांवर लोक जीव टाकतात. अस्सल पार्ट काढून नकली बसवतील, पत्ता लागणार नाही!" म्हणून तिने देण्याआधी दात तपासायच्या सुईने गुपचूप नऊ भागांवर बारीक खुणा कोरल्या.

दोन दिवसांनी ती सहज डोकावली, तर शटर अर्धं खाली. वाकून पाहिलं. मिस्त्री दुसऱ्याच गाडीपाशी बसलेला. काळी टाकी, हुबेहूब तीच जात. तिला पाहताच त्याने घाईने चादर ओढली.

"ही कुणाची, काका?"

"माझीच. म्हातारी झालीय, झोपू दे तिला."

"आणि आमची?"

"शनिवारी ये, बाळ."

हसला, पण नजर चुकवून. तिला त्या रात्री धड झोप लागली नाही.

शनिवारी पहिल्याच किकेला गाडी सुरू झाली. ठोके कसे, मुरलेल्या मृदंगावर थाप पडावी तसे. एक, दोन, तीन, चार, पाच... उचकी नाहीच! मिस्त्रीचा चेहरा फुललेला. ती मात्र गाडी बंद करून गुडघ्यांवर बसली. टाकी, खूण आहे. दिवा, आहे. करता करता आठ भरल्या. कार्बोरेटरवरून बोट फिरवलं. गुळगुळीत.

"काका, हा आमचा नाही. आमच्यावर खूण होती."

"नऊ होत्या. पहिल्याच दिवशी मोजल्या मी. उद्या तुझ्याकडे दाढ दाखवायला येताना बत्तीस दातांवर खुणा करून येऊ का?"

तिचे कान तापले, पण ती हटली नाही. "आमचा कुठंय?"

मिस्त्रीने खणातून फडक्यातली पुरचुंडी काढली. आत खूण केलेला कार्बोरेटर. "हा नकली, बाळ. बसवलाय तोच तुझ्या बाबांचा अस्सल." मग चादर बाजूला केली. त्याच्या गाडीत कार्बोरेटरच्या जागी चिंध्यांचा बोळा होता.

"माझी बायको परगावी दवाखान्यात होती. लगेच या, असा निरोप आला आणि नेमका माझा कार्बोरेटर तडकलेला. तुमची गाडी इथंच, इंजिन खोलून पडलेली. तुझे बाबा म्हणाले, माझा काढ आणि पळ. तिच्याशी शेवटचं बोललो ते त्यामुळे. नंतर परत द्यायला गेलो, तर घेईनात. म्हणाले, माझं नकलीवर भागतंय. तेव्हापासून तुमची गाडी उचक्या देत राहिली. आता ते नाहीत, म्हटलं त्यांचं त्यांच्या गाडीत जाऊ दे."

तिने तो खुणेचा कार्बोरेटर फडक्यात परत गुंडाळला. मग उठून स्वतः किक मारली. सूर स्वच्छ होता, पण बाबा त्यात कुठेच नव्हते.

"काका, चुकले मी. आता एक करा. हा काढा, तुमच्या गाडीला लावा."

"अगं वेडे, अस्सल आहे तो!"

"बाबांनी दिलेलं मी कशी परत घेऊ? आणि आम्हाला आमची उचकी द्या."

मिस्त्रीने पाना उचलला, तीही शेजारी बसली. शेवटचे दोन स्क्रू तिनेच पिळले. चौथ्या किकेला गाडी जागी झाली. चार ठोके, आणि उचकी.

तर मंडळी, वाटेत एखादी जुनी मोटरसायकल उचक्या देत उभी दिसली, तर मागून हॉर्न मारू नका. घटकाभर थांबा, आणि आपल्या गाडीचा सूर दुसऱ्याला देऊन टाकणाऱ्या त्या बाबांची आठवण काढा.