आतून लावायची कडी

मी कडी बोलतेय. वीतभर लांबीची, पितळी पाणी दिलेली, दाराला आतून लावतात ती. बाहेरच्या कडीला कुलपाचा मान असतो, पाहुणे तिच्यावर टकटक करतात. आमच्याकडे एरवी कुणी बघत नाही. आम्ही लागलेल्या असलो की मगच आमची आठवण होते, आणि तीही दाराच्या पलीकडच्या माणसाला.

माझा जन्म कारखान्यातला. एक पट्टी, तिच्यावर सरकणारा दांडा, सहा स्क्रू आणि चौकटीवर बसणारा माझा जोडीदार कोयंडा. आम्हा दोघांना एका पिशवीत घातलं आणि पिशवीच्या तोंडाला स्टेपलरची पिन मारली. आमच्यात लग्न लागायला एवढं पुरतं.

मला घ्यायला आले ते एक निवृत्त गृहस्थ. तीस वर्षं लेथ मशीन चालवलेला माणूस, त्यामुळे त्यांनी माझा दांडा चार वेळा मागे-पुढे करून पाहिला.

"कुठल्या दाराला?" दुकानदाराने विचारलं.

"आतल्या खोलीच्या."

"बाहेरून लावायची की आतून?"

"आतून."

"घरात लग्न दिसतंय."

गृहस्थ रंगाच्या डब्यांकडे बघायला लागले. "धाकट्याचं," ते डब्यांनाच म्हणाले.

"मग ही नका नेऊ. लावताना खट्ट वाजते. बिनआवाजाची दाखवतो."

"हीच द्या," गृहस्थ म्हणाले. त्यांना कडीपेक्षा दुकानातून बाहेर पडायची घाई होती.

त्या घरात न्हाणीघर सोडलं तर आतल्या एकाही दाराला तोवर कडी नव्हती. दारं पुढे लोटायची आणि आत शिरताना जरासं खोकायचं, एवढ्यावर तीन पुरुष आणि दोन बायकांचं बिनबोभाट चाललं होतं. मी आले आणि घराला पहिल्यांदा एक खट्ट असा आवाज मिळाला. तो स्वयंपाकघरापर्यंत स्पष्ट जायचा.

"वाजली बाई," थोरली सून लसूण सोलता सोलता म्हणायची.

सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या.

धाकटी, म्हणजे नवी सून, फारसं बोलणारी नव्हती. बघणारी होती. घरात कुणाचा पाय दुखतोय, कुणाच्या चहात साखर कमी झाली, हे तिला न सांगता कळायचं. नवऱ्याचं मात्र कळेना. धाकटा एका बांधकामाच्या कंपनीत नकाशे काढायचा. तिथून आला की कपडे न बदलता भिंतीकडे तोंड करून पडायचा. ती खिडकीशी बसून राहायची. मी लागलेली असायचे, बाहेर टीव्ही मोठा असायचा आणि आत दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून असायची. ज्या कामासाठी मला आणलं, ते असं चाललं होतं.

एका रविवारी सकाळी तो स्वतःहूनच म्हणाला, "तुझ्यामुळे नाही. आधीपासून आहे."

"काय आहे?"

"ब्रशवर पेस्ट घेतो. आणि कशासाठी ते आठवत नाही."

ती हसली नाही, घाबरलीही नाही. दोन दिवसांनी तिने फोनवर एक समुपदेशक बाई शोधून काढली. कुठल्या तरी दुसऱ्या गावातून बोलणारी. दर शनिवारी संध्याकाळी सहा ते सात, फोनच्या पडद्यावर.

"घरी कळता कामा नये," तो म्हणाला.

"मग बागेत बसून बोला."

"माणसं असतात. मला आवाज फुटणार नाही."

राहिली ती ही खोली. अडचण एकच होती. तो एकटा कडी लावून आत बसला तर पाचव्या मिनिटाला घर दाराशी येणार. दोघं आत असले तर मात्र कुणी चुकूनही फिरकणार नाही. म्हणून दर शनिवारी सहाच्या ठोक्याला तीही आत यायची, मला लावायची, दाराला पाठ टेकून जमिनीवर बसायची आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायची. त्याचं बोलणं त्याचं राहावं म्हणून. मग शिवणाचा डबा उघडायची. त्या दोन महिन्यांत त्या घरातल्या एकाही शर्टाचं बटण ढिलं राहिलं नाही.

बाहेर याचा अर्थ काय लावला जायचा ते सांगायला नको.

"शनिवारची वेळ बांधून घेतलीय का गं?" थोरली विचारायची. "नाही, शिस्त चांगली असते."

"काहीतरीच, ताई."

"आणि तासाभराने येतेस ती अशी, जशी काही बँकेतून आलीस. केस तरी जरा विस्कटावेत."

पुढच्या शनिवारी सात वाजता बाहेर पडण्याआधी धाकटीने आरशासमोर उभं राहून केसांच्या दोन बटा सोडवल्या, थोडा विचार केला आणि कुंकू किंचित पुसलं. हे एवढं खोटं काम इतक्या निगुतीने केलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

तिच्या कानांत कापूस होता, माझ्या नव्हता. तो इयरफोन लावून बोलायचा, पण बंद खोलीत त्यातला बाईचा बारीक आवाजही मला यायचा. म्हणून मला माहीत आहे. पहिले दोन शनिवार तो जवळजवळ बोललाच नाही. बाई वाट बघायची. तिसऱ्या वेळी म्हणाला, "मला रडता येत नाही." त्यावर बाई म्हणाली, "यायलाच हवं असं नाही." आणि त्याचे खांदे खाली आले. पाचव्या वेळी त्याने साहेबाची नक्कल केली आणि स्वतःच दचकला. त्या आठवड्यात तो दोनदा भिंतीकडे पाठ करून झोपला. धाकटीने ते पाहिलं. तिने ते कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी तिने मला लावताना दांडा जरा हळू सरकवला.

सातव्या शनिवारी शेवटच्या पाच मिनिटांत तो म्हणाला, "एक गोष्ट आहे. मी ती कुणालाच सांगितलेली नाही."

"आज सांगायचीय?"

"पुढच्या वेळी. नक्की."

पुढच्या शनिवारी त्याचा इयरफोन बिघडला. वायर वाकवून पाहिली, फुंकर मारून पाहिली, शेवटी त्याने आवाज बारीक करून फोन तसाच समोर ठेवला. नेमके त्या दिवशी त्याचे मामा आले होते. मामा आले म्हणून आई चहा घेऊन दाराशी आली, हाक मारायला. आत बाई विचारत होती, "जगूच नये असं वाटणं, ते या आठवड्यात किती वेळा झालं?"

"दोनदा," तो म्हणाला. "आधीपेक्षा कमी."

'आधीपेक्षा कमी' हे आईने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. कप फुटला नाही. तो तिने सावकाश फरशीवर ठेवला, मला आवाज आला. आणि मग ती दोन्ही हातांनी दार ढकलायला लागली.

"दार उघड. राजा, आधी दार उघड."

मी धरून राहिले. मी दुसरं काय करणार? सहाही स्क्रूंनिशी मी एका आईला मुलापासून लांब ठेवलं, आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत चोख काम तेच झालं. धाकटीला पाठीत धक्के बसले तेव्हा कुठे तिने कानांतला कापूस काढला आणि मला मागे सरकवलं.

त्या संध्याकाळी थोरली धाकटीजवळ येऊन म्हणाली, "मी काय काय बोलत होते गं तुला," आणि पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

सासरे स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. लेथवर केसाएवढा फरक ओळखणारा हात, पण तीनदा घसरला. माझ्या पट्टीवरचे ते ओरखडे अजून आहेत. "राग मानू नकोस, पोरी," ते म्हणाले. कोयंड्याचे स्क्रू लग्नात दिलेल्या रंगाखाली गच्च बसले होते, ते निघेनात, म्हणून तो चौकटीवरच राहिला. मला खिळ्यांच्या डब्यात टाकलं आणि डबा त्याच खोलीतल्या कपाटावर ठेवला. डब्याला झाकण नाही. दहा मिनिटांनी न्हाणीघराची कडीही माझ्या शेजारी येऊन पडली. ती मुळातच अबोल आहे.

त्यानंतर धाकट्याला एकटं सोडायचं नाही असं ठरलं. कामावर थोरला सोडायला आणि आणायला. शनिवारी आई.

धाकटीने एकदा धीर केला. "आई, तेवढा एक तास दार बंद राहू दे."

"दार लावून त्या परक्या बाईला सांगायचं, असं काय आहे जे मला सांगता येत नाही? मी जन्म दिलाय त्याला."

"म्हणूनच सांगता येत नसेल."

सासूबाईंनी चौकटीवरच्या कोयंड्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आणि एखाद्या दिवशी त्याने दार उघडलंच नाही, तर मी काय करू? तू सांग. तू म्हणशील तसं करते."

याचं उत्तर डब्यात पडल्या पडल्या मी अजून शोधते आहे.

तर शनिवारी सहा वाजता दार सताड उघडं. आई खुर्चीवर, मांडीवर कपड्यांच्या घड्या. धाकटी जमिनीवर, सवयीने दारापाशी. फोनवर बाईने विचारलं, "आत्ता खोलीत एकटे आहात ना?"

त्याने आईकडे पाहिलं. "हो. एकटाच."

"झोप?"

"लागते."

"ते विचार?"

"नाही येत आता."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं. तिने हातातला टॉवेल उलगडून पुन्हा त्याची नीट घडी केली.

"मागे तुम्ही एक गोष्ट सांगणार होतात."

"ती होय? विशेष काही नव्हती."

आणखी दोन शनिवार असेच गेले. तिसऱ्याला त्याने बाईला सांगून टाकलं की आता बरं आहे, गरज नाही. ती म्हणाली, कधीही वाटलं तर फोन करा. घरात सगळ्यांना हलकं वाटलं. "घरच्यांनी लक्ष घातलं की माणूस कसा ताळ्यावर येतो बघ," मामा म्हणाले. तो मान हलवून हसला. आता तो कुणी विचारलं की हसतो. जेवतो. बाहेरून आला की कपडे बदलतो आणि मगच भिंतीकडे तोंड करून पडतो. एवढी सुधारणा आहे.

मागच्या महिन्यात घरात कुणी नसताना धाकटीने मला डब्यातून काढलं आणि दाराशी धरलं. पण सासऱ्यांनी माझी सहाही भोकं पुट्टी भरून वर रंग मारून बुजवली आहेत. काम अगदी सफाईदार. माझी जागा कुठे होती, ते बोट फिरवूनही सापडत नाही. मी गार होते की तिचा हात, कळलं नाही. तिने मला पुन्हा ठेवून दिलं.

शनिवारी सहा वाजता मात्र ती दार पुढे लोटते आणि त्याला पाठ टेकून बसते. कानांत कापूस घालते. शिवायला बटण उरलेलं नाही, तरी सुईत दोरा ओवते. म्हणत काही नाही. तो बोललाच तर त्याला माहीत असावं, की दार लागलेलं आहे आणि ऐकणारं कुणी नाही. फोन उशाशी असतो. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. मी वरून बघते, सात शनिवार झाले, पाठ हललेली नाही.

मग बाहेरून दार हळूच ढकललं जातं. "अगं, उघडं असू दे दार," सासूबाई म्हणतात. ती उठते, कापूस काढते, बाजूला होते. पन्नास किलोची पोर ती, माझ्याएवढी कशी धरून राहील?

माझा निरोप एवढाच. भीती खरी आहे, मी ती दारावर दोन्ही हातांनी बडवताना ऐकली आहे. तरी कधी कुणाला वाटलंच, की एका माणसाला आठवड्यातला एक तास आतून लावून द्यावा आणि आपण बाहेर जागं बसावं, तर मी कपाटावर आहे. येताना स्क्रू आणा. माझे तीन कुठे गेले कळत नाही. आणि जमल्यास लवकर या. दांड्याला गंज धरतोय, आणि खालच्या त्या पाठीकडे बघून मला आताशा वाटतं, उशीर होऊन गेलाय की काय.