एका भागाकाराने हुकलेली

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. दहा लाख अठरा हजार एक्क्याऐंशी. आम्हाला कोणी घडवत नाही, पण कोणी पारख करायला बसलं की आमचं आयुष्य सुरू होतं. माझं सुरू झालं कुंदापुरात, वासुदेव ऐताळ मास्तरांच्या पडवीत.

मास्तर मूळ संख्यांचं पुस्तक करत होते. एक आणि स्वतः सोडून जिला कोणीच निःशेष भागत नाही, ती मूळ. निम्मं काम त्यांच्या थोरल्या बहिणीचं, गिरिजक्कांचं. अक्का शाळेत कधी गेल्या नव्हत्या. धाकट्या भावाचे धडे सुपारी सोलता सोलता ऐकून शिकल्या, आणि भागाकार मात्र त्यांचाच आधी संपायचा.

मी विषम. शेवटी पाच नाही. अंकांची बेरीज एकोणीस, म्हणून तीननेही भाग जाईना. मग सात, अकरा, तेरा असं करत अक्कांनी मला यादीतल्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहिलं. भिंतीवरची ती यादी नऊशे सत्त्याण्णवला संपत होती. दहा लाख म्हणजे हजार गुणिले हजार, म्हणून दहा लाखांपर्यंतच्या आधीच्या पुस्तकाला तेवढी पुरली होती. मास्तरांनी माझ्यापुढे ‘मूळ’ असं लिहिलं.

“थांब रे वासू,” अक्का म्हणाल्या. “आता आपण दहा लाख ओलांडलेत. यादीच्या पुढची एक हजार नऊ. तिनंही भागून बघू.”

“मंगळूरची बस सुटेल. छापखानेवाला खोळंबलाय.”

“एका भागाकाराला असा कितीसा वेळ? आणि तुझी बस कधीपासून वेळेवर यायला लागली?”

“अक्का, बी.ए. मी झालोय की तू?”

अक्कांनी पाटी पुसली आणि सुपारीची टोपली पुढे ओढली. आणि मी? मला तर आनंदच झाला होता, मित्रांनो. मूळ संख्यांच्या पंगतीत बसायला मिळालं! आज त्याचीच लाज वाटते.

पुस्तक निघालं. वर नाव एकट्या मास्तरांचं. सत्कार झाला, शाल मिळाली. अक्कांनी मात्र पुन्हा पाटी हातात घेतली नाही.

नऊ वर्षांनी म्हैसूरच्या एका वाचकाचं पत्र आलं. एक हजार नऊला एक हजार नऊनेच गुणलं, की मी येते. त्या यादीच्या हातून निसटणारी सगळ्यांत पहिली संख्या मीच होते. मास्तर पत्र घेऊन तडक स्वयंपाकघरात गेले.

“अक्का, चुकलो गं. घे पाटी. त्या संख्येपासून पुढचं सगळं पुन्हा तपासू. नाव दोघांचं घालू.”

अक्कांनी तव्यावरचा नीरदोसा काढून त्यांच्या पानात वाढला.

“तू कर बाबा. मला आता सतराचा पाढासुद्धा मध्येच अडतो.”

टोमणा असेल म्हणून मास्तर हसले. पण अक्का हसल्या नाहीत. तो टोमणा नव्हता.

मित्रांनो, मला कधीही तपासा. मी कुठे जात नाही, आणखी हजार वर्षांनीही एक हजार नऊने मला तस्साच भाग जाईल. पण ‘एकदा अजून बघू’ म्हणणारं माणूस तेवढं थांबत नाही. त्याचं तेव्हाच ऐका.