पेल्याचं विसळण

माझी हाडं उत्तम आहेत. गेल्या वर्षी स्कूटरवरून पडलो तेव्हा स्कूटर वाकली, मी नाही. हे मी चार लोकांत अभिमानाने सांगायचो.

माझी आक्का, सिंधू, अठ्ठावन्नची. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. इगतपुरीकडच्या आमच्या गावाहून चार दिवस माझ्याकडे नाशिकला आली. स्टँडवरून घरी येताना रिक्षा गतिरोधकावरून जराशी उडाली आणि तिच्या पाठीचा मणका दबला. त्याच रिक्षात शेजारी मी होतो. मला उचकी लागली.

मी वर्तमानपत्रात विनोदी लिहितो. दवाखान्यात बसल्या बसल्या गतिरोधकांवर एक खरमरीत लेख मनात जुळवत आणला होता. पण तपासण्यांचे कागद बघून डॉक्टर शाझिया म्हणाल्या, "गतिरोधकाला सोडा हो. हाडं आधीच पोकळ झालीत. सिंधुबाई, लहानपणी दूध मिळायचं का?"

"मिळायचं तं! घरची म्हैस व्हती."

"रोज?"

"रोज," आक्का म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. मी मान हलवली. होकारार्थी.

"मग कारण दुसरीकडे शोधावं लागेल. उद्या तपासणीसाठी आणखी रक्त द्यायला या," असं म्हणून त्यांनी आमचं उत्तर लिहून घेतलं.

म्हैस होती, हे खरं. दूध डेअरीला जायचं. घरात एक पेला राहायचा, तो माझा, कारण मी शिकणार होतो. आक्का म्हशीला चारा आणायची. माझं पिऊन झालं की ती पेल्यात पाणी ओतायची, गरगर फिरवायची आणि ते विसळण प्यायची. नऊ वर्षांचा असताना एकदा ते विसळणही मीच पिऊन टाकलं. गंमत म्हणून. हा किस्सा मी माझ्या पन्नाशीच्या समारंभात रंगवून सांगितला होता. लोक खूप हसले. आक्का पहिल्या रांगेत होती.

रिक्षात बसल्यावर विचारलं, "खोटं का बोललीस?"

"मंग काय, परक्या बाईफुडं मेलेल्या आईची चुगली करू?"

"आणि माझी?"

"तुझी कशाची? तू लहान व्हतास."

होतो. तीही अकराचीच होती.

संध्याकाळी मी दुधाची मोठी पिशवी आणली. तापवलं, साखर घातली, पेला भरून तिच्या हातात दिला. पाठीला पट्टा बांधून ती पलंगावर टेकून बसली होती. दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं.

"पोटात गुरगुरतंय रे. सवय नाय. तू पी, वाया नको घालवू."

मी प्यालो. लिहिताना बरं वाटत नाही, पण प्यालो. पेला खाली ठेवतो न ठेवतो तोच तिने तो उचलला, तांब्यातलं पाणी ओतलं आणि गरगर फिरवला.

मी तो तिच्या हातून काढून घेतला आणि तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला.

"ते दुधाचं उत्तर दुरुस्त करा. तिला मिळायचं नाही."

"पण घरची म्हैस होती ना?"

"म्हैस होती. मीही होतो."

डॉक्टर म्हणाल्या, "लिहिते. रक्त मात्र तरीही द्यावं लागेल."

आक्काने भिंतीकडे तोंड फिरवलं. "झालं समाधान? लय मोठा खरं बोलणारा. त्या बाईला आता काय वाटंल आपल्या आईबद्दल?"

पेला घेऊन मी मोरीकडे निघालो.

"ओतू नको ते," भिंतीकडे बघतच ती म्हणाली. "दुधाचं हाय."