उठता येत होतं

धुतलेल्या मोठ्या चादरीची घडी एकट्या माणसाला घालता येत नाही. दोन टोकं इकडे, दोन तिकडे, मधे एक झटका, मग समोरासमोर चालत यायचं. लाँड्रीत आई ज्या बाईबरोबर वर्षानुवर्षं हे करत आली होती, ती जोडीदारीण त्या दिवशी जवळ आली, टोकं आईच्या हातात दिली आणि बाकीच्या बायकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "मग ताई, लेक उठला की नाही अजून?"

वाफेच्या यंत्रापाशी कोणीतरी फिसकन हसलं. आईने घडी गठ्ठ्यावर ठेवली आणि पुढची चादर ओढली. एरवी अशा बोलण्याला तिने तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. आज तिने मूग गिळले, कारण हाच प्रश्न गेले तीन दिवस तिलाही आतून कुरतडत होता.

शनिवारी बॉक्सिंगच्या अजिंक्यपदाच्या लढतीत तिचा मुलगा आठव्या फेरीत पडला होता. पंचाने दहापर्यंत मोजलं आणि तो पडून राहिला. डॉक्टरांनी तपासून कुठेही मोडतोड नाही असं सांगितलं आणि तिथेच सगळी पंचाईत झाली. जबडा मोडला असता तर ओळखीपाळखीचे लोक हळहळले असते, घरी फळं घेऊन आले असते. धडधाकट माणूस पडून राहिला म्हणजे त्याने शेपूट घातली, हा निकाल न्हाव्याच्या खुर्चीपासून दवाखान्याच्या बाकापर्यंत सगळीकडे लागून गेला होता. ज्यांनी आयुष्यात कधी नाकावर साधी बुक्की खाल्ली नव्हती, त्यांचा आवाज सगळ्यात चढा होता.

मुलाच्या तालमीत अशा माणसासाठी एक रीत होती. पुढच्या रविवारी त्याने सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि तालमीतल्या ज्येष्ठाने त्याला एकच प्रश्न विचारायचा: उठता येत होतं का? "नाही" म्हटलं की माफी, आणि डाग धुवायला लगेच दुसरी लढत. "होतं" म्हटलं की ज्येष्ठाने त्याच्या ग्लोव्हजच्या नाड्या कापायच्या. त्या दिवसापासून त्याला म्हणायचं 'आडवा', आणि आडव्याच्या घरातल्या कोणाही माणसाने तालमीची पायरी चढायची नाही. ही रीत कोणी घातली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पण मोडायचा विषय निघाला की सगळ्यांना ती आजोबांपासूनची आहे असं छातीठोकपणे आठवायचं.

आणि तालमीतला ज्येष्ठ होता मुलाचा बाप.

त्याला सगळे पोलाद म्हणत. उभ्या कारकिर्दीत तो किती वेळा पडला याची गणती नव्हती, पण दहा मोजेपर्यंत पडून राहिला असं एकदाही झालं नाही. आता सकाळी आई त्याच्या सदऱ्याची बटणं लावत असे. दोन्ही हात सतत थरथरत, शब्द तोंडातच घोटाळत, आणि कधी कधी जेवता जेवता तो घास हातात धरून विचारी, "जेवण झालं का माझं?" संध्याकाळी मात्र तो न चुकता तालमीत जाऊन रिंगशेजारच्या खुर्चीत बसायचा. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला वाकून मान द्यायचा. तेवढा वेळ त्याचा चेहरा जिवंत दिसायचा. ती खुर्ची गेली तर या माणसाचं काय होईल, हा विचार आईच्या मनातून जात नसे.

बुधवारी तालमीचे उस्ताद स्वतः घरी आले. पोरांना घडवणारा माणूस, मनाने वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मी सगळं जुळवून आणलंय. याने रविवारी फक्त म्हणायचं, डोळ्यांपुढे अंधार आला, काही कळलं नाही. दोन महिन्यांत त्याच माणसाशी पुन्हा लढत लावतो. घराची अब्रू राहील आणि पोलादची खुर्चीही."

"आणि त्याला खरंच काही कळलं नसेल तर?" आईने विचारलं.

"मग तर प्रश्नच मिटला."

उस्ताद गेले. मुलगा खोलीत येरझाऱ्या घालत होता. खिडकी, पलंग, कपाट, पुन्हा खिडकी. डाव्या भुवईवरची सूज आता पिवळी पडली होती. आईने भाजी चिरायला घेतली, अर्धी चिरली, विळी बाजूला सारली आणि दारात येऊन उभी राहिली.

"एक विचारू का रे? खरं सांगशील?"

तो थांबला. "तूही विचारणार?"

"उस्तादांसाठी नाही विचारत. माझ्यासाठी विचारतेय."

तो पलंगाच्या कडेवर बसला, लगेच उठला, पुन्हा बसला. "आकडे स्पष्ट ऐकू येत होते. तीन, चार, सगळे. पायात जोर होता. मनात आणलं असतं तर सहाला उभा राहिलो असतो."

आईने चौकट घट्ट धरली. इतके दिवस तिने मनाशी जपलेली आशा होती ती हीच, की पोराची शुद्ध हरपली असेल. कुठल्या आईने अशी आशा करावी, असं वाटून तिची तिलाच लाज वाटली.

"मग?"

"पडलो होतो तिथून दोरीखालून समोर बाबा दिसत होते. तू ओरडत होतीस, ऊठ, ऊठ. आणि ओरडता ओरडता त्यांची लाळ पुसत होतीस." त्याने खाली मान घातली. "तुझं लक्षही नव्हतं त्या हाताकडे. मी ते बघत बसलो, आणि दहा झाले."

आई आत आली. ती त्याच्याशेजारी बसली. बाहेरच्या खोलीत पोलादची बोटं खुर्चीच्या हातावर टकटक करत होती, थांबायचं नाव नव्हतं.

"घाबरलो का मी, आई? मला खरंच कळत नाही. रोज वाटतं, लोक म्हणतात तेच खरं असेल. आणि 'अंधार आला' म्हटलं की सगळं निस्तरतंय. बाबांची खुर्ची राहतेय. फक्त मला परत उभं राहावं लागेल."

"आणि मग कधीपर्यंत?"

"तेच ना," तो म्हणाला आणि परत येरझाऱ्या घालू लागला.

रविवार उजाडेपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. एकदा वाटे, बोलू दे खोटं, नवऱ्याच्या आयुष्यात उरलंय तरी काय त्या खुर्चीशिवाय. लगेच दुसऱ्या घटकेला मुलगा पाण्याचा पेला उचलायचा आणि ती त्याच्या हाताकडे टक लावून बघायची, थरथरतोय का ते. तिने भाजीत मीठ दोनदा घातलं. पोलादने ती मुकाट्याने खाल्ली, मुलाने अर्ध्यावर सोडली.

रविवारी तालीम गच्च भरली होती. घामाचा आणि मलमाचा वास, भिंतीवर जुन्या लढवय्यांचे फोटो, रिंगमध्ये आणून ठेवलेल्या खुर्चीवर पोलाद, त्याच्या मांडीवर कात्री. मुलगा समोर उभा राहिला. बायका मागच्या बाकांवर. त्यांनी बोलायचं नाही, हेही त्या रितीतच बसत होतं.

पोलादला प्रश्न पाठ होता. शब्द अडखळत आले, पण आले. "उठता... येत होतं का?"

मुलाने उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी डोळ्यांनीच खूण केली. मग त्याने वळून मागच्या बाकाकडे पाहिलं.

आई उभी राहिली. "खरं असेल ते सांग," ती म्हणाली.

"वहिनी, मधे बोलायचं नसतं," उस्ताद म्हणाले.

"येत होतं," मुलगा म्हणाला.

तालमीत एकदम कुजबुज उठली. कोणीतरी 'आडवा' म्हणालंही. उस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. सगळ्यांचे डोळे पोलादच्या हातातल्या कात्रीकडे लागले. ती त्याच्या बोटांत खुळखुळत होती. तो मुलाकडे बघत राहिला, इतका वेळ की लोकांना वाटलं, हा प्रश्नच विसरला. मग तो पुढे झुकला आणि रितीत नसलेलं विचारून बसला.

"कसं... जमलं तुला?"

मुलाला कळेना.

"मलापण... राहायचं होतं," पोलाद म्हणाला. "खाली. लई वेळा. नाही जमलं. हे सगळे बघत होते ना."

कात्री त्याच्या हातातून निसटून फळ्यांवर पडली. तो खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठायला लागला. बराच वेळ लागला. कोणी हात दिला नाही, कारण पोलादला हात द्यायचा नसतो. मुलाने दिला.

आई बाकांमधून वाट काढत पुढे आली. तिला भाषण येत नव्हतं. "उस्ताद, या भिंतीवरच्या माणसांच्या घरी कधी जाऊन आलात का? त्यांना भरवतं कोण, विचारलंत? पडलेल्याला तुम्ही जाब विचारता. जे उठत राहिले, त्यांच्याबद्दल कोणाला जाब विचारायचा?"

मागच्या बाकावर एक म्हातारी पदराने डोळे पुसत होती. तिच्या नवऱ्याचा फोटो दाराशेजारी होता. मायलेक आणि पोलाद, तिघंही पायऱ्या उतरून घरी गेली, आणि त्यानंतर त्या घरातलं कोणीही ती पायरी चढलं नाही.

पोलाद पुढे कित्येक दिवस संध्याकाळ झाली की जोडे शोधायचा. हे सोपं झालं असं कोणी समजू नये. मुलगा त्याला नदीकडे फिरायला न्यायचा, वाटेत लोक तोंड फिरवायचे आणि पोलाद गोंधळून प्रत्येकाकडे बघत राहायचा.

पण आई स्वस्थ बसली नाही. पुढच्या लढतीला तालमीतला दुसरा एक जण उतरणार होता. एका दुपारी लाँड्रीतून सुटल्यावर ती त्याच्या घरी गेली. त्याच्या तरुण बायकोने दार उघडलं. हातात नवऱ्याच्या मुठींना बांधायच्या पट्ट्या होत्या, नुकत्या धुतलेल्या. आईला ओळखताच तिने दार थोडं ओढून घेतलं.

"मी उपदेश करायला नाही आले," आई म्हणाली. "एवढंच विचारायला आले, ते पडले तर तुम्ही काय ओरडणार? आजच ठरवा. तिथे ठरवायला वेळ मिळत नाही."

"ते पडायचे नाहीत."

"मीही हेच म्हणायचे."

बायको पट्टीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आणि पडूनच राहा म्हटलं, तर लोक काय म्हणतील यांना?"

"आडवा म्हणतील," आई म्हणाली. "माझ्या घरी एक आहे. आज सकाळी त्याने बापाची दाढी केली, वस्तऱ्याने. हात जरासुद्धा हलला नाही."